मास्तरांच्या कोपराचं माप

मास्तरांचं ठाम मत होतं, की माणूस वकिलाशी खरं बोलेल, डॉक्टरशी खरं बोलेल, अगदी गळ्याशी आलं तर बायकोशीसुद्धा खरं बोलेल. पण शिंप्याच्या टेपशी तो कधीच खरं बोलणार नाही. चाळीस वर्षं त्यांनी पँटी शिवल्या होत्या, आणि त्या चाळीस वर्षांत पोट आत न ओढता कंबर मोजू देणारा एकही पुरुष त्यांच्या दुकानात आला नव्हता.

"श्वास सोडा," मास्तर म्हणायचे.

"सोडलाय की."

"पूर्ण सोडा. कंबर तुमचीच आहे, मी काही ती ठेवून घेणार नाही."

मग गिऱ्हाईक ओशाळून अर्धा श्वास सोडायचं, मास्तर मनातल्या मनात दोन इंच वाढवून वहीत आकडा टाकायचे, आणि आठ दिवसांनी पँट अशी बसायची की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाव घ्यायचं नाही. वर म्हणायचं, "बघा, मी म्हणालो नव्हतो चौतीस!" छत्तीसची पँट घालून चौतीसच्या गप्पा मारणारी अशी शेकडो माणसं मास्तरांनी हसतमुखानं दाराबाहेर पोचवली होती.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे काच आणि घंटा लावलेलं दार, मध्ये कापायचं टेबल, मागे पडद्याआड कपडे घालून बघायची जागा, आणि खिडकीशी मास्तरीणबाईंचं मशीन. मास्तर कापायचे, मास्तरीणबाई शिवायच्या. मास्तर बोलायचे, मास्तरीणबाई ऐकल्यासारखं करायच्या. संसार आणि धंदा दोन्ही या एकाच करारावर सुखानं चालले होते.

गेली दोन वर्षं मात्र मास्तर स्वतःच एक भलंमोठं खोटं अंगावर घालून वावरत होते. झालं असं, की एके दिवशी कापडाचा गठ्ठा उचलताना त्यांची पाठ जी धरली, ती धरलीच. आठ दिवस जमिनीवर आडवे. त्यांची एकुलती एक मुलगी हॉस्पिटलात नर्स होती, तीही हाडांच्या वॉर्डात. दिवसभर दुसऱ्यांच्या वडिलांच्या पाठी बघून ती संध्याकाळी स्वतःच्या वडिलांची पाठ बघायला यायची. नवव्या दिवशी मास्तर उठून बसले तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवून निकाल दिला.

"बाबा, ही पहिली वेळ म्हणून सोडतेय. पाठीनं पुन्हा एकदा तक्रार केली, की दुकानाला कुलूप. तुम्ही आणि आई माझ्याकडे राहायला यायचं. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले. आठ दिवस आडव्या पडलेल्या माणसाकडून काहीही कबूल करून घेता येतं.

मुलीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. घर चांगलं, जावई चांगला. त्या चांगल्या जावयानं सासऱ्यांसाठी म्हणून बाल्कनीत एक गादीची खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. मास्तरांना वाघाची वाटली नसती इतकी त्या खुर्चीची भीती वाटायची. त्या खुर्चीत एकदा बसलो, की खालच्या रस्त्यावरच्या माणसांच्या पँटी वरून बघत राहायचं आणि एक दिवस संपून जायचं, याबद्दल त्यांच्या मनात तीळमात्र शंका नव्हती.

पाठीनं तक्रार केली, अर्थातच केली. पण मास्तरांनी ती दाबून टाकली, एखाद्या सरकारी कचेरीत दाबतात तशी. हळूहळू पाठ वाकली ती वाकलीच. दुकानात कुणी नसलं की मास्तर टेबलावर ओणवे होऊन कापायचे. दाराची घंटा वाजली, की दात आवळून श्वास ओढायचे आणि छत्री उघडावी तसे ताठ व्हायचे. गिऱ्हाईक गेलं की छत्री मिटायची. रविवारी चार ते सहा मुलगी भेटायला यायची, तेव्हा दोन तास छत्री उघडीच. रात्री मास्तरीणबाई गरम पाण्याची पिशवी पाठीवर दाबायच्या आणि मूग गिळून गप्प बसायच्या. मुलीला सांगायचं नाही, असं त्यांनी नवऱ्याला वचन दिलं होतं, आणि त्या वचनाचा त्यांना रोज संताप यायचा.

दोन गल्ल्या सोडून इंजिनिअरिंगचं कॉलेज होतं. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एक विषय होता. त्याचं खरं नाव दोन ओळींचं होतं, पण मुलं त्याला नुसतं वस्ती-प्रकल्प म्हणायची. तिघांचा गट करायचा, आसपासच्या वस्तीत जायचं, एखाद्या कामकऱ्या माणसाची खरीखुरी अडचण शोधायची, त्याच्याजवळ बसून ती समजून घ्यायची, आणि ती दूर होईल अशी वस्तू स्वतःच्या हातांनी बनवून त्याला द्यायची. सगळ्यात वाईट कलम शेवटी होतं: त्या माणसानं ती वस्तू प्रत्यक्ष वापरली नाही, तर गट नापास.

उद्देश अतिशय उदात्त होता. त्यामुळे वस्तीतली माणसं त्याला घाबरून असायची. गेल्या वर्षी न्हाव्याला आपोआप फिरणारी खुर्ची मिळाली होती. ती फिरायची झकास, थांबायची नाही. फुलवालीला फुलांवर पाणी शिंपडणारं यंत्र मिळालं होतं, ते नेम धरून फुलवालीवर शिंपडायचं. हातात वही घेतलेली तीन पोरं दिसली, की आता अख्ख्या गल्लीत कुणालाही कसलीच अडचण उरत नसे.

असंच एक त्रिकूट एका दुपारी मास्तरांच्या दुकानात शिरलं, पण वहीशिवाय. प्रयोगशाळेत घालायच्या कोटांच्या बाह्या आखूड करून हव्या होत्या. एक होती चष्मेवाली, जी समोरचा काय बोलतोय ते ऐकताना ओठ हलवून पाठ करायची. दुसरा अ‍ॅपवाला, कारण जगातली कुठलीही गोष्ट मोबाइलवर दिसल्याशिवाय ती पूर्ण होत नाही अशी त्याची श्रद्धा होती. तिसरा तोंड उघडायचा तो फक्त जांभई द्यायला, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव मुकेराव ठेवलं.

बाह्यांची मापं झाली, आणि अ‍ॅपवाल्यानं हळूच विषय काढला. "काका, तुम्हाला काही अडचण आहे का हो?"

मास्तरांनी टेप गळ्यात टाकला. "मला? मला कसली अडचण? चाळीस वर्षं धंदा करतोय."

"छोटीशी असली तरी चालेल," चष्मेवाली अजिजीनं म्हणाली. "फक्त खरी हवी."

"नाही म्हटलं ना."

"काका, आम्ही सगळीकडे फिरलो. न्हावीकाका दार उघडत नाहीत. फुलवाल्या मावशींनी आमच्यावर पाणी टाकलं, हातानं."

तेवढ्यात खिडकीशी चाललेलं मशीन थांबलं.

"आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "यांना अडचण आहे."

मास्तरांनी बायकोकडे असं पाहिलं, की एखादी दुसरी बाई असती तर जागच्या जागी गप्प झाली असती. पण मास्तरीणबाईंचा या नजरेशी तीस वर्षांहून जास्त परिचय होता.

"टेबल," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे कापायचं टेबल. जुनं झालंय, हलतं. आणि त्याची उंची यांना बरोबर पडत नाही."

वचन मोडलं नव्हतं, पाठीचं नावही निघालं नव्हतं. मास्तरांना हरकत घ्यायला जागाच उरली नाही. चष्मेवालीनं कुठून तरी वही काढली, अ‍ॅपवाल्यानं फॉर्म पुढे केला, आणि मास्तरांनी चष्मा लावून वाचलं.

"अडचणधारकाची सही? हा अडचणधारक कोण?"

"तुम्हीच काका. फॉर्मवर तसंच छापलंय."

"चाळीस वर्षांत मला कुणी असलं काही म्हटलं नव्हतं," मास्तर पुटपुटले. पण सही केली, कारण मास्तरीणबाई अजून बघत होत्या.

पुढचे आठ दिवस तिघं आळीपाळीनं स्टुलावर बसून मास्तरांचं काम बघत राहिले. त्यांच्या प्राध्यापक बाईंनी सांगितलं होतं, की आधी नुसतं बघायचं, उपाय सांगायचा नाही. अ‍ॅपवाल्याला हे फार जड गेलं.

"काका, टेबलाला सेन्सर लावला तर? कापड किती उरलं ते मोबाइलवर कळेल."

"कापड किती उरलं ते मला डोळ्यांना कळतं."

"पण समजा, तुम्ही दुकानात नसलात तर?"

"मग कापतंय कोण?"

अ‍ॅपवाला विचारात पडला. चष्मेवालीनं हे उत्तर वहीत उतरवून त्याखाली रेघ मारली.

इतकं बघूनही त्यांना एक गोष्ट दिसली नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. स्टुलावर कुणीतरी बसलेलं असताना मास्तर वाकतच नव्हते. रोज दोन-दोन तास ते पोलिस कवायतीला उभे राहावेत तसे उभे राहून कापत होते. इतक्या ताठ शिंप्याचं निरीक्षण इंजिनिअरिंगच्या इतिहासात प्रथमच होत असावं.

मग मापाचा दिवस आला. बाईंनी शिकवलं होतं, की उभ्यानं करायच्या कामाचं टेबल माणसाच्या कोपरापेक्षा थोडं खाली हवं, म्हणून आधी जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्यायचं. चष्मेवालीनं कॉलेजातला पत्र्याचा टेप काढला. मास्तरांनी तो बाजूला सारून स्वतःचा दिला.

"हा घे. आणि ऐक, माप तीनदा घ्यायचं. माणूस सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही. माणूस खोटं बोलतो."

"तीनदा," चष्मेवालीनं ओठ हलवले. "काका, आता तुम्ही कापताना जसे उभे राहता ना, अगदी तसे उभे राहा."

वास्तविक इथं एका प्रामाणिक माणसानं वाकायला हवं होतं. पण समोर तीन शिकलेली पोरं, त्यातल्या एकाच्या हातात फोटो काढणारा मोबाइल. हा फोटो कॉलेजात जाणार, कॉलेजातून कुठं कुठं जाणार, आणि मुलीचं हॉस्पिटल काही फार लांब नव्हतं. मास्तरांनी दात आवळले, श्वास ओढला, आणि पंचविशीतसुद्धा कधी राहिले नसतील इतके सरळ उभे राहिले. पोटसुद्धा आत घेतलं. कोपराच्या मापाशी पोटाचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक.

"बेचाळीस इंच," चष्मेवाली म्हणाली.

"परत."

"बेचाळीस."

"परत."

"बेचाळीसच आहे, काका."

मशीनवर बसलेल्या मास्तरीणबाईंनी बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पाहिला, आणि तोंड मिटलं.

तीन आठवड्यांनी टेबल आलं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनवलेलं, हातगाडीवर घालून तिघांनी ढकलत आणलेलं. मास्तरांनी त्याच्यावरून तळवा फिरवला. कुठं कुसळ लागत नव्हतं. कोपऱ्यांवर जोर देऊन पाहिलं, टेबल जराही हललं नाही. सांधे तर असे बसले होते की नख शिरणार नाही.

"हे कुणी केलं?"

मुकेरावानं बोट वर केलं.

"छान केलंयस. फार छान केलंयस," मास्तर म्हणाले. ते मनापासून म्हणाले, आणि पोराचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी नसताना मास्तर नेहमीसारखे वाकून नव्या टेबलापाशी उभे राहिले, तर टेबल थेट छातीशी. कात्री धरायची तर खांदे कानांना लागत होते. टाचा उंच करून पाहिल्या, पोटऱ्यांत गोळे आले. अर्ध्या तासात पाठीबरोबर मानही गेली. शेवटी त्यांनी चोरासारखं इकडेतिकडे बघून कापड उचललं आणि कोपऱ्यात सरकवलेल्या जुन्या, हलत्या टेबलावर नेलं. नव्या टेबलावर इस्त्रीचे कपडे आले. मग बटणांच्या बरण्या आल्या. मग चहाचे कप.

पण वापर तपासायला गट तीनदा येणार होता, प्रत्येक वेळी एक तास. तो तास जवळ आला, की नवरा-बायको मिळून बरण्या, कप, कपडे पडद्याआड लपवायचे, आणि मास्तर नव्या टेबलाशी ताठ उभे राहून कात्री चालवायचे. मध्येच "वा!" म्हणायचे, म्हणजे पोरांना बरं वाटेल. गट गेला, की पडद्यामागे जाऊन जमिनीवर आडवे व्हायचे. एकदा एका गिऱ्हाइकानं नवी पँट घालून बघायला पडदा सरकवला, तर पायाशी मास्तर उताणे.

"अरे! काय झालं मास्तर?"

"बटण शोधतोय," मास्तर छताकडे बघत म्हणाले.

तिसऱ्या तपासणीला अ‍ॅपवाल्यानं प्रश्नावली काढली. "काका, टेबल कसं वाटतं, दहापैकी?"

"दहा."

"उंची?"

"दहा."

"काही सुधारणा सुचवाल?"

"टेबलात? छे. टेबल सोन्यासारखं आहे."

चष्मेवाली मात्र टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. मग ती कोपऱ्यात गेली आणि जुन्या टेबलावरून बोट फिरवलं. ते पांढरं झालं.

"काका, कापडावर खुणा करायचा खडू... तो इथं पडलाय. नव्या टेबलावर कसा नाही?"

"नव्यावरचा पुसतो मी."

"आणि जुन्यावरचा?"

चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना तोंड देणारे मास्तर एका पोरीपुढे टेप गुंडाळायला लागले. तिनं वही मिटली आणि ती निघून गेली.

सगळ्या गटांनी बनवलेल्या वस्तूंचं कॉलेजातलं प्रदर्शन दोन दिवसांवर आलं असताना ती एकटी दुकानात आली. टेबलापाशी उभी राहून तिनं पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं.

"काका, तुम्ही ते टेबल वापरत नाही, मला कळलंय. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही बोलत नाही. माप मी घेतलं होतं, म्हणजे चूक माझी आहे. मी रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय. बाकीच्या दोघांचा काही दोष नाही, हेही लिहिलंय."

"मग? नापास करतील?"

"बहुतेक. पुढच्या वर्षी परत घ्यावा लागेल विषय." तिनं चष्मा वर सारला. "तुम्ही तीनदा घ्यायला सांगितलं होतंत, मी तीनदा घेतलं. तरी कसं चुकलं, तेच मला समजत नाही. रोज विचार करते."

मास्तरांनी तिच्यापुढे तिचा आखूड केलेला कोट ठेवला. ती गेल्यावर दार बंद झालं, आणि मशीन थांबलं.

"तिचं चुकलं?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "तीनदा मोजलं पोरीनं. तुमच्याच टेपनं. आणि तुम्ही गप्प बसून तिच्या माथी मारलंत?"

"मग काय करू? सांगू सगळ्यांना? रविवारी आपली मुलगी कुलूप घेऊन येईल."

"रविवारी कशाला? परवाच येणार आहे ती, प्रदर्शनाला. घरच्यांना आमंत्रण असतं, मी बोलावलंय."

मास्तर थक्क झाले. "तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?"

"दोन वर्षं तुमच्या पाठीच्या बाजूनं कुणीच नव्हतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "म्हणून मी पाठीच्या बाजूनं."

प्रदर्शनाच्या सभागृहात सत्तर-ऐंशी माणसं होती. भिंतींच्या कडेनं यंदाची यंत्रं मांडली होती, आणि प्रत्येक यंत्राशेजारी आपापला अडचणधारक चेहऱ्यावर समाधान चिकटवून बसला होता. मास्तरांचं टेबल मंचासमोर होतं. मुलगी ड्यूटीवरून थेट आली होती, तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसली होती आणि बाबांचं कौतुक होणार म्हणून लांबूनच हात हलवत होती. मास्तरांनी ताठ बसून हात हलवला.

चष्मेवालीनं मंचावरून सांगितलं, की वस्तू वापरात नाही, कारण माप चुकलं, आणि माप तिनं घेतलं होतं. तिच्या मागे अ‍ॅपवाला आणि मुकेराव खाली मान घालून उभे होते.

प्राध्यापक बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. "चूक मान्य केलीस, चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "पण इंजिनिअरला तेवढं पुरत नाही. चूक झाली कुठं? टेप चुकीचा होता, की वाचताना चुकलं, की लिहिताना?"

"टेप बरोबर होता. तीनदा वाचलं, तीन वेळा तेच आलं."

"मग ते टेबल त्यांना बसत का नाही?"

"माहीत नाही, बाई."

"इतके दिवस त्या माणसाजवळ बसून तुम्हाला हे माहीत नाही?"

पोरीनं चष्मा काढला आणि पुसायला लागली. काचा स्वच्छ होत्या.

मास्तरांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. ती चौथ्या मजल्यावरची खुर्ची त्यांना लख्ख दिसली, गादीसकट. आपलं दुकान जातंय, आत्ता, या क्षणी जातंय, हे त्यांना कळत होतं. तरी ते उठले.

"बाई, मी बोलू का? माप बरोबर आहे. माणूस खोटा होता."

"म्हणजे?"

"पोरगी मला म्हणाली, कापताना राहता तसे उभे राहा. मी फोटोला राहतात तसा उभा राहिलो. अहो, जन्मभर मी गिऱ्हाइकांना दम देत आलो, श्वास सोडा, पोट सोडा म्हणून. आणि माझी पाळी आली तेव्हा मीच श्वास धरून उभा! माझी पाठ वाकलीय, बाई. दोन वर्षं झाली. हिचं काही चुकलेलं नाही. हिच्यापासून लपवलं मी. सगळ्यांपासूनच लपवलं."

तिसऱ्या रांगेकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. भिंतीकडचं एक यंत्र तेवढ्यात आपोआप सुरू झालं, ते कुणीतरी घाईघाईनं बंद केलं.

बाई मुलांकडे वळल्या. "खरं माप किती आहे?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले.

"ठाऊक नाही ना? मग घ्या की. अडचण समोर उभी आहे."

मास्तरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. टेबलावर हात ठेवले. पाठीला सांगितलं, जा आता तुला हवं तिथं, आणि सत्तर-ऐंशी माणसांदेखत ते वाकले. नेहमी वाकायचे तेवढेच. लाज वाटली, खूप वाटली. पण पाठीतली कळ पाण्यात मीठ विरावं तशी विरत गेली, आणि इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

चष्मेवालीनं टेपचं एक टोक त्यांच्या कोपराशी धरलं. दुसरं टोक जमिनीवर धरायला कुणीतरी हवं होतं. मुकेराव पुढे सरकला, पण त्याच्या आधी पांढरे बूट वाजत आले, आणि मास्तरांची मुलगी त्यांच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. तिनं टेप खेचून ताणला, अंगठ्यानं जमिनीशी दाबला. मग मान वर करून आकडा वाचला.

"एकोणचाळीस."

"खालून नको वाचू," मास्तर म्हणाले. "डोळा आकड्याच्या समोर आण."

तिनं टेप बुटाच्या टोकाखाली दाबला आणि अर्धवट उठून पाहिलं. "साडेअडतीस."

"हं."

ती पुन्हा खाली बसली. टेप सोडला नाही. "दर रविवारी दोन तास तुम्ही माझ्यासमोर ताठ बसायचात," ती हळू आवाजात म्हणाली. "दुखायचं?"

"फार."

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"तू कुलूप लावलं असतंस."

"लावलं असतं," ती म्हणाली. मग तिनं बाहीनं डोळे पुसले आणि नर्सच्या आवाजात वर विचारलं, "साडेअडतीस लिहिलं का? या टेबलाचे पाय कापता येतील?"

"येतील," मुकेराव म्हणाला. सगळ्यांनी दचकून त्याच्याकडे पाहिलं. "साडेतीन इंच. चारही सारखे."

"किती दिवसांत?"

"शुक्रवारी देतो."

"शुक्रवारी मी दुकानात बघायला येणार आहे, लक्षात ठेव. आणि एक उंच स्टूल पण बनवा. दर अर्ध्या तासानं यांनी बसायचं."

"तासानं," मास्तर वाकलेल्या अवस्थेतूनच म्हणाले.

"अर्ध्या."

"पाऊण तास. एका पँटीला तेवढा वेळ लागतोच."

"बाबा."

"बरं, अर्ध्या," मास्तर म्हणाले.

ती उठायला लागली, तसा त्यांनी सवयीनं तिला हात दिला. तिनं तो धरला, पण त्याच्यावर जराही भार टाकला नाही, आणि आपल्याच जोरावर उठून उभी राहिली.